पैलवानाचं क्रिएटिनिन, आजीचं क्रिएटिनिन

रविवारी रात्री उशिरा तांबडा-पांढरा ओरपायचा आणि सोमवारी सकाळी रक्त द्यायला लॅब गाठायची, असे लोक कोल्हापुरात कमी नाहीत. साखर उपाशीपोटी तपासली की झालं. मूत्रपिंडं कशी चालतात हे सांगणाऱ्या क्रिएटिनिनवर मात्र आदल्या रात्रीच्या मटणाचाही परिणाम होतो. मांसातल्या क्रिएटिन या घटकाचा काही भाग शिजताना क्रिएटिनिन होतो आणि थेट रक्तात उतरतो. म्हणून या तपासणीआधी १२ तास मांसाहार नको.

एरवी क्रिएटिनिन आपल्याच स्नायूंत रोज तयार होतं आणि मूत्रपिंडं ते गाळून टाकतात. गाळणं मंदावलं की रक्तात ते साचतं. पण रक्तातला आकडा गाळण्यावर जितका अवलंबून, तितकाच तयार होण्यावरही. आणि इथेच घोळ होतो.

समजा, गंगावेश तालमीतला २५ वर्षांचा पैलवान आणि त्याची ७२ वर्षांची आजी, दोघांचं क्रिएटिनिन १.१ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं. बहुतेक रिपोर्टांत हा आकडा ‘नॉर्मल’मध्येच बसतो. आता शेजारचा ईजीएफआर पाहा. मूत्रपिंडं मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात, याचा तो अंदाज. निरोगी तरुणात हे गाळप दिवसाला सुमारे १८० लिटर होतं. त्यातलं बहुतेक पाणी शरीर परत शोषून घेतं, लघवी होते दीड-दोन लिटर. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो काढायच्या २०२१ च्या सूत्राने पैलवानाचा ईजीएफआर ९५ च्या आसपास येतो, आजीचा ५३. तीन महिन्यांहून अधिक काळ तो ६० च्या खाली राहिला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार धरतात. म्हणजे ‘नॉर्मल’ वाचून आजीचा रिपोर्ट कपाटात टाकायचा नाही.

सूत्राला वय आणि लिंग कळतं, दंड-मांड्या कळत नाहीत. त्याच पैलवानाचं क्रिएटिनिन १.४ आलं, तर ईजीएफआर ७२ दिसेल आणि घरात उगाच धांदल उडेल. उलट आजी फारच वाळलेली असेल, तर ५३ हाही आकडा फुगलेला असू शकतो. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन-सी तपासायला सांगतात. ते शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंचा प्रभाव त्यावर कमी. तपासणी महाग पडते, सरसकट करायची गरज नाही.

रिपोर्टात युरियाही असतो, म्हणजे प्रथिनांपासून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. नुसत्या त्याच्यावरून निष्कर्ष काढू नये. पाणी कमी प्यायलात तरी तो वाढतो, प्रथिनं जास्त खाल्लीत तरीही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तपासणी लघवीची आहे. मधुमेहात क्रिएटिनिन जागचं हलायच्या कितीतरी आधी लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन झिरपू लागतं. लघवीतल्या क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ते ३० मिलिग्रॅम किंवा जास्त आलं, तर पुन्हा तपासून खात्री करतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी हे वर्षातून एकदा तरी पाहावं. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा बरा. पैलवानाने तर तो मेहनतीआधीच द्यावा, कारण जोर-बैठकांनंतर धडधाकट माणसाच्या लघवीतही प्रथिनं काही काळ वाढलेली सापडतात.