माणसाला खरंच सगळ्याची सवय होते का?

लॉटरी लागलेला माणूस आणि अपघातात अपंगत्व आलेला माणूस वर्षभराने सारखेच सुखी असतात, हे वाक्य तुम्ही एखाद्या भाषणात किंवा फॉरवर्डमध्ये नक्की ऐकलं असेल. सुखाच्या मानसशास्त्रातलं इतकं लाडकं विधान क्वचितच दुसरं असेल. पण ते ज्या संशोधनाच्या नावावर खपवलं जातं, ते संशोधन असं म्हणतच नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण याच वाक्याच्या आधारावर दुःखात बुडालेल्या माणसाला ‘होईल सवय’ असं सांगून लोक मोकळे होतात.

मूळ अभ्यास १९७८ सालचा. मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीतले २२ विजेते गाठले. कुणाला ५० हजार डॉलर मिळाले होते, कुणाला १० लाख. त्यांच्यासोबत लॉटरी न लागलेले २२ जण घेतले आणि अपघातामुळे कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेले २९ जण. सगळ्यांना विचारलं, शून्य ते पाच या पट्टीवर तुम्ही सध्या किती सुखी आहात? विजेत्यांची सरासरी आली ४.००, इतरांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६.

म्हणजे लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, हे खरं. पण अपघातग्रस्त स्पष्टपणे मागे होते. लोकांना वाटेल तितके ते खचलेले नव्हते आणि पट्टीच्या मध्याच्या थोडे वरच होते, एवढंच. याच अभ्यासातले दोन आकडे मला जास्त बोलके वाटतात. अपघाताआधी किती सुखी होता, या प्रश्नावर त्यांनी ४.४१ गुण दिले, तिन्ही गटांत सर्वाधिक. गमावलेलं आयुष्य मागे वळून पाहताना आणखी उजळ दिसत होतं. आणि पुढे किती सुखी असाल, यावरही त्यांचाच आकडा सर्वांत वर होता, ४.३२. दुसरीकडे मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतून मिळणारा आनंद विजेत्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होता.

या अभ्यासात एक मोठी उणीव होती. या माणसांना घटनेच्या आधी कुणी काही विचारलेलं नव्हतं. ती उणीव जर्मनीतल्या एका सर्वेक्षणाने भरून काढली. १९८४ पासून तिथे हजारो कुटुंबांना दरवर्षी भेटून, तुम्ही आयुष्यात किती समाधानी आहात, हे शून्य ते दहा या पट्टीवर विचारलं जातं. या काळात कुणाचं लग्न होतं, कुणाची नोकरी जाते, कुणी जोडीदार गमावतं. त्यामुळे त्याच माणसाचं आधीचं आणि नंतरचं उत्तर शेजारी ठेवून पाहता येतं.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी ते पाहिलं, तेव्हा सरसकट सवय होत असल्याचं चित्र मोडलं. लग्नाच्या सुमारास समाधान किंचित वाढतं आणि दोनेक वर्षांत सरासरी माणूस पूर्वीच्या पातळीवर येतो. जोडीदाराच्या मृत्यूनंतर तिथवर यायला सात-आठ वर्षं लागतात. बेकारीचा घाव मात्र पूर्ण भरत नाही. पुन्हा काम मिळालं तरी समाधान सरासरीने पूर्वीइतकं होत नाही. गंभीर अपंगत्वानंतर आलेली घटही वर्षानुवर्षं टिकते. आणि या सगळ्या सरासरी आहेत. लग्नानंतर कायमचे फुललेले लोक यात आहेत आणि कायमचे कोमेजलेलेही.

मग चांगल्या गोष्टींची सवय इतकी पटकन का होते? याचा एक धागा मेंदूत सापडतो. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींच्या हालचालीची नोंद घेतली. फळाचा रस अचानक मिळाला की पेशी जोरात चेतत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागताच चेतू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळताना गप्प राहिल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावली. डोपामिनला आनंदाचं रसायन म्हणतात, पण या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक टिपत होत्या. पगारवाढीचा मेसेज पाहून जे वाटतं, ते सहाव्या महिन्यात तोच पगार जमा होताना का वाटत नाही, हे यावरून बरंचसं उमगतं. ठरल्याप्रमाणे येणाऱ्या गोष्टीत मेंदूला नवं शिकण्यासारखं काही उरत नाही.

रोज नव्याने टोचणाऱ्या गोष्टींचं गणित वेगळं असतं. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांना जर्मनीच्या त्याच आकडेवारीत दिसलं, की कामावर जायला-यायला जास्त वेळ लागणारे लोक कमी समाधानी असतात. चांगला पगार किंवा स्वस्त घर याने त्याची भरपाई व्हायला हवी होती, ती होत नव्हती. कर्जत-कसाऱ्याहून रोज मुंबई गाठणाऱ्याला हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

लॉटरीचा प्रश्नही पुन्हा तपासला गेला. स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट, ओस्टलिंग आणि सेसारिनी यांनी तीन हजारांहून अधिक लॉटरी खेळणाऱ्यांना, बक्षीस लागल्यानंतर ५ ते २२ वर्षांनी गाठलं. मोठी रक्कम जिंकलेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षं उलटल्यावरही वाढलेलंच होतं आणि त्यात पैशाची चिंता मिटण्याचा वाटा मोठा होता. रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावर परिणाम त्यामानाने फारच थोडा दिसला. ब्रिकमन यांचे २२ विजेते एवढा बारीक फरक दाखवायला पुरेसे नव्हते. तरी भाषणांत अजून त्यांचाच दाखला दिला जातो, तोही चुकीचा.