इस्रायल अभ्यासकेंद्र

आधुनिक इस्रायलचा इतिहास, राजकारण, समाज आणि हिब्रू साहित्य यांचे अध्यापन व संशोधन करणारे विद्यापीठीय केंद्र. अशी केंद्रे मुख्यतः अमेरिकेत आहेत. वर्गातल्या शिकवण्याबरोबरच सर्वांना खुली व्याख्याने, चित्रपट, लेखक-कलावंतांच्या भेटी आणि परिसंवाद हे त्यांचे नेहमीचे काम. त्यांची ओळख गावभर होते ती या कार्यक्रमांमुळे, आणि वादही बहुधा इथूनच उठतात.

ज्यू विद्येची, म्हणजे ज्यूंचा धर्म, इतिहास आणि वाङ्मय यांच्या अभ्यासाची, परंपरा याहून जुनी आहे. हार्वर्डमध्ये हॅरी वुल्फसन यांच्यासाठी 1925 साली, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सॅलो बॅरन यांच्यासाठी 1930 साली अध्यासन, म्हणजे या विषयाचे खास प्राध्यापकपद, झाले. मात्र या विद्येचा पसारा बायबलकाळापासूनचा. 1948 साली जन्मलेले राष्ट्र त्यात शेवटच्या प्रकरणापुरते यायचे. स्वतंत्र विषय म्हणून त्याला आकार आला तो 1985 साली अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यावर. ‘इस्रायल स्टडीज’ हे नियतकालिक 1996 मध्ये निघाले. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत 1998 मध्ये, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत 2003 मध्ये आणि ब्रँडाइस विद्यापीठात 2007 मध्ये केंद्रे उभी राहिली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील उपक्रमाला 2010 मध्ये केंद्राचे रूप आले. टाउब, शुस्टरमन, नाझारियन ही यांपैकी शेवटच्या तीन केंद्रांना अनुक्रमे लागलेली नावे देणगीदार घराण्यांची आहेत. पाटी वाचली की पैसा कुठून आला ते कळते.

ब्रँडाइसचे उदाहरण बोलके आहे. मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थम येथील हे विद्यापीठ इस्रायलच्या जन्मवर्षीच, 1948 साली, अमेरिकी ज्यूंच्या पुढाकाराने पण सर्व धर्मीयांसाठी स्थापन झाले. 2004 पासून तिथे इतर विद्यापीठांतील प्राध्यापकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण चालते. आधी वॉल्थममध्ये अभ्यास, मग प्रत्यक्ष इस्रायलचा दौरा, आणि परतल्यावर आपापल्या विद्यापीठात इस्रायलवर अभ्यासक्रम, असा त्याचा क्रम. एका केंद्राने अनेक ठिकाणी विषय रुजवण्याची ही रीत व्याख्यानमालेपेक्षा जास्त टिकाऊ ठरली.

कार्यक्रमांचे विषय पाहिले तर युद्ध आणि शांतता-वाटाघाटी सुटत नाहीत, पण खरी गोडी असते ती समाजाविषयीच्या चर्चेत. राष्ट्राध्यक्ष रूवेन रिव्हलिन यांनी जून 2015 मध्ये हर्झलिया येथील भाषणात इस्रायलचे वर्णन चार ‘टोळ्यांचा’ देश असे केले: धर्मनिरपेक्ष ज्यू, धार्मिक राष्ट्रवादी, कर्मठ हारेदी आणि अरब. या चौघांच्या मुलांच्या शाळा साधारणपणे वेगवेगळ्या. म्हणजे एकाच देशातली मुले एकमेकांना न भेटताच मोठी होऊ शकतात. रिव्हलिन यांची ही मांडणी पुढे वारंवार चर्चेत आली. हारेदी तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेतून मिळणारी सूट हा त्याचाच एक धागा. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करावे असा निर्णय दिला. दुसरा धागा स्थलांतराचा. 1990 च्या दशकात आलेले सोव्हिएत ज्यू, 1991 च्या मे महिन्यात दीड दिवसात विमानांनी आणलेले चौदा हजारांहून अधिक इथिओपियन ज्यू, मोरोक्को-इराककडून आलेली कुटुंबे. इथिओपियन ज्यूंच्या ‘सिग्द’ सणाला 2008 मध्ये राष्ट्रीय सणाचा दर्जा मिळाला.

मराठी वाचकाला इथे आपली माणसे आठवणारच. कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल ज्यू, मोठ्या संख्येने तिकडे गेले. लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा इथे स्थिरावले. त्यांच्या विवाहांबाबत रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, वंशशुद्धतेची शंका काढली. मोठे आंदोलन झाले आणि 1964 मध्ये रब्बींच्या संस्थेला नमते घ्यावे लागले. इस्रायलमध्ये कातडीच्या रंगाचा आणि धर्मसत्तेचा प्रश्न कसा गुंतला आहे हे समजावायला याहून नेमके उदाहरण क्वचितच मिळेल. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा मलिदा आणि ‘मायबोली’ हे तिथून निघणारे मराठी नियतकालिक ही त्याच समाजाची दुसरी बाजू.

देणगी आणि विद्यास्वातंत्र्य यांतली ओढाताण जुनीच आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ती उघड्यावर आली. 2021 च्या गाझा संघर्षाच्या वेळी इस्रायलवर टीका करणाऱ्या निवेदनावर तिथल्या इस्रायल अभ्यासाच्या अध्यासनावरील प्राध्यापिकेने सही केली. देणगीदाराने हरकत घेतली आणि 2022 मध्ये विद्यापीठाने 50 लाख डॉलर परत केले. सही एका प्राध्यापिकेची, पण गेले ते अध्यासनाचे पैसे. अनेक अभ्यासकांनी याचा निषेध केला.

7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर विद्यापीठांच्या आवारातले वातावरण तापले. जानेवारी 2025 मध्ये कोलंबियात आधुनिक इस्रायलच्या इतिहासाच्या वर्गात चेहरे झाकलेले आंदोलक घुसले. तो सार्वजनिक कार्यक्रम नव्हता; सत्राच्या पहिल्या दिवसाचा नेहमीचा तास होता.