क्लिफ्टनचा पूल नेमका टांगलाय कशाला?

कपडे वाळत घालायची दोरी कितीही ताणून बांधा, ओला टॉवेल पडला की ती मधे झोळ खातेच. ती अगदी सरळ व्हावी म्हणून आणखी ओढलीत, तर दोरी सरळ होण्याआधी खिळाच भिंतीतून उपटून येईल. झुलत्या पुलाचं बरंचसं शास्त्र या खिळ्यात आहे. लोक मात्र बघतात मनोऱ्यांकडे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या कडेला एव्हन नदीची घळ आहे. क्लिफ्टनचा झुलता पूल याच घळीवर आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, खाली चिखलाच्या काठांमधून वाहणारी नदी. समुद्र जवळ असल्याने भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला 12 मीटरच्या आसपास जातो. ओहोटीला जिथे गाळात रुतलेला ओहोळ दिसतो, तिथूनच भरतीला शिडांची जहाजं बंदरात जायची. विल्यम विक नावाच्या दारूच्या व्यापाऱ्याने 1754 मध्ये मरताना 1,000 पौंड मागे ठेवले: व्याजासकट 10,000 झाले की या घळीवर दगडी पूल बांधा. रक्कम वाढत राहिली, पण दगडी पुलाचा अंदाज तिच्या कैक पट निघाला. मग 1829 मध्ये आराखड्यांची स्पर्धा लागली. परीक्षक होते थॉमस टेलफर्ड, वेल्समधल्या मेनाई या झुलत्या पुलाचे कर्ते. त्यांनी सगळेच आराखडे नापास केले. आपल्या मेनाई पुलाहून फार लांब गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधला टांगलेला भाग, वाऱ्यात टिकणार नाही, असं त्यांचं मत. मग त्यांनी स्वतःचाच आराखडा पुढे केला. त्यात घळीच्या तळापासून वर येणारे दोन अवाढव्य मनोरे होते. कडे आयते उभे असताना तळातून मनोरे चढवायचे, हा हट्टच म्हणायचा. दुसऱ्या फेरीत काम मिळालं ते इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल या विशीतल्या अभियंत्याला.

ब्रुनेलचा पूल दोन मनोऱ्यांमध्ये 214 मीटर आहे आणि भरतीच्या पाण्यापासून सुमारे 75 मीटर उंच. पलीकडच्या ली वूड्सच्या बाजूला कड्यापासून पुढे काढलेला 34 मीटर उंचीचा दगडी बुरूज आहे आणि मनोरा त्याच्या डोक्यावर. गाळ्याची लांबी कमी व्हावी एवढ्याचसाठी हा खटाटोप.

आता वजन कुठून कुठे जातं ते बघू. पुलाच्या मधोमध कठड्याशी उभं राहिलं, तर साखळी हाताच्या अंतरावर येते. साखळी म्हणजे कड्यांची नव्हे. घडीव लोखंडाच्या, जवळपास सात-सात मीटर लांब पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून टोकाला जाड खिळीने जोडलेल्या. प्रत्येक बाजूला अशा तीन साखळ्या, एकावर एक. त्यांच्यापासून सडकेपर्यंत उभ्या सळया, दर बाजूला 81. इथे मधे सळई जेमतेम मीटरभर असते, मनोऱ्याजवळ तीच 20 मीटरची होते.

नुसती साखळी लोंबकळली तर तिच्या वक्राला कॅटेनरी म्हणतात. तिच्याखाली सपाट सडकेचं वजन सारखं वाटून टांगलं की तो वक्र परवलयाकडे (पॅराबोलाकडे) सरकतो. दोन्ही वक्र डोळ्याला सारखेच दिसतात, हिशेबात मात्र फरक पडतो. दुसऱ्या फेरीचे एक परीक्षक डेव्हिस गिल्बर्ट हे हा हिशेब नीट जाणणारे गणिती होते. क्लिफ्टनच्या साखळीचा झोळ गाळ्याच्या सुमारे एक-दशांश आहे. गणित सांगतं, एवढ्या झोळाला साखळ्यांमधली आडवी ओढ टांगलेल्या वजनाच्या जवळपास सव्वापट होते. झोळ निम्मा केला तर ओढ दुप्पट. आपल्या दोरीचीच गोष्ट.

ही ओढ मनोऱ्यांवर आली तर ते आत कलंडतील. दगडाला दाब सोसतो, ओढ सोसत नाही. म्हणून मनोऱ्याच्या माथ्यावर साखळी बांधलेली नाही, ती ओतीव लोखंडाच्या खोगिरावर टेकलेली आहे आणि खोगीर रुळांवर. गाडी गेली, उन्हाने लोखंड वाढलं, की खोगीर किंचित सरकतं. मनोऱ्याच्या वाट्याला उरतो तो बहुतेक सरळ खाली जाणारा दाब. ओढ पुढे जमिनीत शिरते, खडकात खोदलेल्या 25 मीटर लांब बोगद्यांत. हे बोगदे आत रुंद होत जातात आणि विटांनी भरून टाकलेत, बाटलीत आतून बसवलेल्या बुचासारखे. खिळा तो हा. तो कुणाला दिसत नाही.

ब्रुनेलला मनोऱ्यांवर इजिप्शियन थाटाचे स्फिंक्स बसवायचे होते. 1831 मध्ये कामाचा मुहूर्त झाला आणि त्याच वर्षी शहरात दंगली उसळल्या, पैसा आटला. 1836 ला पुन्हा सुरुवात झाली, 1843 ला पुन्हा पैसे संपले. दोन बोडके मनोरे उभे राहिले आणि आणलेल्या साखळ्या विकून टाकल्या. त्या सॉल्टॅशच्या रेल्वे पुलात गेल्या. 1859 मध्ये ब्रुनेल वारले. पुढच्याच वर्षी लंडनमधला त्यांचाच हंगरफर्ड पूल पाडला गेला, तेव्हा त्याच्या साखळ्या क्लिफ्टनसाठी विकत घेतल्या. विल्यम बार्लो आणि जॉन हॉकशॉ या अभियंत्यांनी आराखडा भक्कम केला, दोनऐवजी तीन साखळ्या आणि जास्त ताठ सडक, आणि 8 डिसेंबर 1864 ला पूल खुला झाला. स्फिंक्स राहूनच गेले. माझ्या मते बरं झालं; खरबरीत दगडाचे ते उघडे मनोरे कड्याचाच भाग वाटतात.

ली वूड्सचा तो बुरूज आतून भरीव आहे, असं लोक पिढ्यानपिढ्या धरून चालले होते. 2002 मध्ये आत शिरायची वाट सापडली, तर बुरूज पोकळ निघाला: बारा कमानदार दालनं, काही 11 मीटर उंच, एकमेकांना अरुंद भुयारांनी जोडलेली. मनोऱ्याचा भार त्या दालनांच्या भिंती आणि कमानी वाहत होत्या. तेवढ्या काळात झिरपणाऱ्या पाण्याने छताला चुन्याच्या बारीक, लांबच लांब नळ्या लोंबकळवल्या होत्या.