निवटी

खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा आणि ओहोटीला उघड्यावर हिंडणारा मासा. निवटा, निवट्या हीही त्याचीच नावे. गुजरातेत लेवटा म्हणतात. शास्त्रीय नाव बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सियेन यांनी १८३७ मध्ये या जातीचे वर्णन केले. इराणच्या आखातापासून पाकिस्तान, गुजरात आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत ती आढळते.

निवटी जेमतेम वीतभर लांब, नळीसारखी गोलसर, मळकट तपकिरी आणि बुळबुळीत असते. पाठीवर दोन पर असून पुढच्याचे काटे दोऱ्यासारखे लांब वाढलेले असतात. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर, बाहेर आलेले. कोरडे पडू लागले की ती ते खालच्या खळगीत ओढून ओले करून घेते. म्हणजे निवटी डोळे मिचकावते, आणि माशांत ही गोष्ट खरोखर दुर्मीळ आहे.

इतर मासे भरतीबरोबर खाडीत शिरतात. निवटीचा दिवस पाणी ओसरल्यावर सुरू होतो. ओली कातडी आणि तोंडाच्या आतले अस्तर यांतून ती हवेतला प्राणवायू घेते, कल्ल्यांच्या पोकळीत थोडे पाणी साठवून ठेवते. म्हणूनच तिला अंग सतत ओले ठेवावे लागते. छातीचे पर कुबड्यांसारखे टेकवत ती सरकते, भ्यायली की शेपटीच्या झटक्याने उडी मारून बिळात नाहीशी होते. खाताना डोके डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचा शेवाळाचा पातळ थर खरवडते. चिखलावर उमटलेल्या त्या खुणा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. विणीच्या दिवसांत नर पर ताठ उभारून उंच उड्या मारतात. अंडी बिळातच घातली जातात. बगळे हे तिचे नेहमीचे शत्रू.

ठाणे खाडी, उरण, पनवेल, वसई या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत निवट्यांचे आंबट-तिखट कालवण आवडीने होते. पकडणारे गुडघाभर चिखलात उतरून बिळात हात घालतात, आणि बाजारात ती जिवंत विकली जाते. राख किंवा मीठ चोळून बुळबुळ काढल्याशिवाय ती हातात ठरत नाही.

निवटीला तिवरांलगतचा मऊ, उघडा चिखल लागतो. खाडीत भराव पडला की सर्वांत आधी तोच बुजतो. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी त्याच चिखलात मुरते, आणि निवटीचे खाणे त्याच्याच वरच्या थरात असते.