स्विचमधला आरसा: काय दाखवतो, काय गाळतो

जळगावातल्या हॉस्टेलांमध्ये अधूनमधून एक अफवा फिरते: ‘स्विचवर मिररिंग लावलंय, सगळ्यांचे व्हॉट्सॲप मेसेज ऑफिसात वाचतात.’ स्विच म्हणजे अनेक संगणकांच्या केबल एकत्र जोडणारी नेटवर्कची पेटी, आणि मिररिंग म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या डेटाची नक्कल दुसरीकडे काढणं. ते लावलेलं असू शकतं, पण मेसेज वाचता येत नाहीत. ते फोनमध्येच कूटबद्ध होतात, म्हणून वाटेत नक्कल काढली तरी हाती अगम्य बाइट लागतात. फोन कोणत्या सर्व्हरशी, केव्हा आणि किती बोलला, एवढं मात्र कळतं. तेही खासगीच आहे, त्यामुळे परवानगीशिवाय मिररिंग लावू नये.

मग ते लावतात कशाला? हब नावाच्या जुन्या जोडपेटीत एका संगणकाचा डेटा सगळ्यांकडे जायचा. स्विच तसं करत नाही. येणाऱ्या प्रत्येक फ्रेमवरचा (म्हणजे डेटाच्या पाकिटावरचा) पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता तो वाचतो, ती कोणत्या पोर्टातून (केबल खोचायच्या खाचेतून) आली ते टिपून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या पत्त्याचा माल त्याच पोर्टाला देतो. समजा, बोदवडकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये ऐन कापूस खरेदीत वजनकाट्यावरची पावती सर्व्हरपर्यंत पोचेना. काटा ३ नंबरच्या पोर्टावर, सर्व्हर ७ वर. तुम्ही १२ वर लॅपटॉप लावून कितीही वेळ बसलात तरी त्या दोघांचं बोलणं तुम्हाला ऐकू येणार नाही.

म्हणून स्विचलाच सांगायचं की ७ नंबरवरून येणाऱ्या-जाणाऱ्या डेटाची एक प्रत १२ वर दे. सिस्कोच्या स्विचवर याला ‘स्पॅन’ म्हणतात आणि दोन ओळींत काम होतं: ‘मॉनिटर सेशन १ सोर्स इंटरफेस’ लिहून मूळ पोर्ट आणि दिशा (येणारी, जाणारी की दोन्ही), मग ‘मॉनिटर सेशन १ डेस्टिनेशन इंटरफेस’ लिहून प्रत घेणारा पोर्ट. या पोर्टाचं नेहमीचं काम सहसा बंद पडतं, त्यामुळे ज्या जोडणीवरून तुम्ही स्विच चालवताय तीच तिथे देऊ नका. लॅपटॉपवर वायरशार्क हे मोफत सॉफ्टवेअर लावलं की फ्रेमा दिसू लागतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो यामागचा हिशेब. १ गिगाबिटचा पोर्ट एकाच वेळी सेकंदाला १०० कोटी बिट घेतो आणि तितकेच देतो. दोन्ही दिशांची प्रत म्हणजे २०० कोटी. पण प्रत घेणाऱ्या पोर्टातून लॅपटॉपकडे जाणारी दिशा एकच, तिची मर्यादा १०० कोटी. पांझरेकाठी दोन भरलेल्या चाऱ्यांचं पाणी एकाच चारीत सोडलं तर ते बांधावरून वाहून जाणारच. स्विचमध्ये थोडी स्मृती असते, पण ती १ मेगाबाइट धरली तर जेमतेम ८ मिलिसेकंदांत भरते. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्यासोबतची २० बाइटची मोकळी जागा व सुरुवातीचे संकेत धरून ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. या हिशेबाने एका दिशेनेच सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेमा येऊ शकतात. ज्या मावत नाहीत त्यांच्या प्रती स्विच गुपचूप टाकून देतो. मूळ फ्रेमा सुखरूप पोचलेल्या असतात, आपल्याला मात्र वाटतं की त्या वाटेतच हरवल्या. शिवाय खराब केबलमुळे बिघडलेली फ्रेम स्विच आत येतानाच फेकतो, म्हणून आरशात ती सहसा दिसतच नाही. तिच्यासाठी पोर्टावरचा एरर काउंटर, म्हणजे बिघडलेल्या फ्रेमांची मोजणी, बघावा लागतो.

सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधून यातलं काहीच सुटत नाही. ‘एआय तुमच्या नेटवर्कमधली प्रत्येक हालचाल टिपतं’ ही जाहिरातही तपासून घ्यावी. त्या यंत्रालाही बहुतेकदा याच आरशातून माल मिळतो, आणि गळालेली फ्रेम त्यालाही दिसत नाही.

३ आणि ७ दोन्ही पोर्ट सोर्स करायचे असतील तर दोन्हींवर फक्त येणारी दिशा निवडा, नाहीतर त्यांच्यातली प्रत्येक फ्रेम दोनदा दिसेल. काम संपलं की ‘नो मॉनिटर सेशन १’ द्यायला विसरू नका. सेटिंग सेव्ह झालेलं असेल तर वीज जाऊन आली तरी सेशन चालूच राहतं, आणि पुढे १२ नंबरमध्ये केबल खोचणाऱ्या कुणालाही ती सगळी प्रत मिळत राहते.