उजवीकडे गेलेली डिस्क: अ‍ॅनहायझर की टर्न?

डोंगरउतारावरच्या काजूबागेत डिस्क उजवीकडे वळून खालच्या व्हाळात (ओढ्यात) गेली, की सोबतचा हमखास म्हणतो, "टर्न झाली." पुष्कळदा ती टर्न झालेलीच नसते. हातातून सुटतानाच ती उजवीकडे कललेली असते, आणि त्या कलण्याला डिस्क गोल्फमध्ये, म्हणजे चकती फेकून बास्केटमध्ये टाकायच्या खेळात, अ‍ॅनहायझर म्हणतात. दोन्ही प्रकारांत डिस्क उजवीकडेच जाते, म्हणून घोटाळा होतो. सपाट मैदानावर तो खपून जातो. गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या चढणीसारख्या जमिनीवर, झाडांच्या गर्दीत, तो महागात पडतो. कारण चढ, उतार आणि वारा हे टर्न पार बदलून टाकतात, हाताने दिलेला कल मात्र सुटताना तसाच राहतो.

(पुढचे सगळे वर्णन उजव्या हाताच्या बॅकहँडचे. डावखुऱ्यांनी, आणि उजव्या हाताने फोरहँड टाकणाऱ्यांनीही, डावे-उजवे उलटे करून वाचावे.)

अ‍ॅनहायझर म्हणजे सुटतानाचा कोन. डिस्कची बाहेरची कड वर, अंगाकडची कड खाली. ती पहिल्या मीटरपासूनच उजवीकडे झुकलेली दिसते आणि वळणही लगेच सुरू होते. उलट बाजूचा कल, बाहेरची कड खाली, तो हायझर.

टर्न हा डिस्कचा स्वभाव, आणि तो फक्त वेगात दिसतो. भोवऱ्याला एका बाजूने ढकलले तर तो त्याच बाजूला न जाता काटकोनात झुकतो, डिस्कचेही तसेच. वेग जास्त असताना हवेचा उचलणारा जोर मध्याच्या किंचित मागे पडतो, नाक, म्हणजे पुढची कड, खाली दाबले जाते आणि वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणारी डिस्क उजवीकडे कलते. वेग ओसरला की जोर पुढे सरकतो आणि ती डावीकडे पडू लागते. ती शेवटची डावी घसरण म्हणजे फेड.

डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: स्पीड (लागणारा वेग), ग्लाइड (हवेत तरंगणे), टर्न, फेड. टर्नचा आकडा साधारण +१ ते −५ या पट्ट्यात असतो. उणे जितका मोठा, तितकी डिस्क उजवीकडे कलायला उतावीळ. लेपर्ड नावाची डिस्क ६, ५, −२, १ आहे, फायरबर्ड ९, ३, ०, ४. पहिली उजवीकडे वळते, दुसरी तिकडे वळायचे नावच घेत नाही. पण हे आकडे त्या स्पीडला लागणारा वेग हातात आहे असे धरून लिहिलेले असतात. नवख्याने १२ स्पीडचा ड्रायव्हर (लांब पल्ल्याची डिस्क) टाकला आणि तो उजवीकडे गेला, तर दोष जवळजवळ नेहमी हाताचा. तेवढा वेगच नसतो, टर्न होणार कुठून?

दोन्ही वेगळे ओळखायची खात्रीची पद्धत सोपी आहे. भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतात, वारा पडलेला असताना, एकच मिडरेंज (मध्यम पल्ल्याची) डिस्क घ्या. पाच वेळा अर्ध्या जोराने टाका, पाच वेळा पूर्ण जोराने, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला फक्त पहिले पाच-सात मीटर पाहायला सांगा. अर्ध्या जोरात वळण नाहीसे झाले तर ती टर्न होती. अर्ध्या जोरातही डिस्क उजवीकडे झुकूनच निघाली तर तो अ‍ॅनहायझर आहे, तुम्ही तो मुद्दाम दिलेला नसला तरी. एक तिसरा तोतयाही आहे. सोडताना मनगट वरून उलटे वळवले की डिस्क थरथरत निघते आणि मग उजवीकडे कोसळते. थरथर दिसली तर डिस्क बदलून काही होणार नाही, मनगट सरळ ठेवायला शिका.

आता डोंगर. बॅकहँड टाकताना उजवा खांदा बास्केटकडे आणि छाती डावीकडे असते. समजा डावी बाजू चढाची आहे. पायाची बोटे वर, टाच खाली, वजन टाचांवर, आणि हाताची फेक नकळत उताराला समांतर होते. डोळ्यांना डिस्क सपाट दिसते, कारण डोळ्यांसमोरची जमीनच तिरकी आहे. प्रत्यक्षात अ‍ॅनहायझर सुटतो आणि खेळाडू "ही फार वळते" म्हणत डिस्क बदलतो. डावीकडे उतार असेल तर याच्या उलट, नको असलेला हायझर. सपाटपणा जमिनीवरून न मोजता दूरच्या माडाच्या सरळ खोडावरून मोजावा. चढ डावीकडे असेल तर कमरेतून थोडे जास्त पुढे वाकावे. खरोखर अ‍ॅनहायझर हवा असेल तेव्हाच किंचित मागे झुकावे.

समोर चढण असली तर डिस्कचा वेग लवकर संपतो. टर्न मधेच आटते आणि फेड आधीच सुरू होतो. म्हणजे सपाटीवर सुंदर उजवे वळण घेणारी डिस्क चढावर डावीकडे पडते. तिथे वळण टर्नवर सोपवू नये, हातानेच अ‍ॅनहायझर द्यावा. आणखी एक सवय तिथे घात करते: चढ दिसला की माणूस डिस्कचे नाक वर करतो. नाक वर गेले की टर्न मरते आणि डिस्क उंच जाऊन थांबल्यासारखी होऊन डावीकडे कोसळते. वर टाकायचे ते हाताच्या मार्गाने. डिस्कचे नाक त्या मार्गाच्या रेषेतच हवे, त्याहून वर नाही.

उतारावर उलटा मामला. वेग टिकतो, डिस्क हवेत जास्त वेळ राहते, त्यामुळे टर्नला भरपूर अवधी मिळतो. −३ ची डिस्क उतारावर सपाट सोडली तर परत येईलच याचा भरवसा नाही. इथे टर्न ० किंवा −१ असलेली डिस्क घ्या. उजवे वळण हवेच असेल तर तिला थोडा अ‍ॅनहायझर द्या: आधी उजवीकडे जाईल, मग स्वभावाने सरळ होऊन डावीकडे परतेल. हा इंग्रजी एस अक्षरासारखा मार्ग टर्नवाल्या डिस्कने मिळत नाही. ती अ‍ॅनहायझरवर सोडली तर उजवीकडेच जात राहते.

वाऱ्याचाही हिशेब आहे. गोव्यात उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. पश्चिमेकडे टाकताना तो समोरून येतो, डिस्कला हवेचा वेग जास्त जाणवतो आणि टर्न वाढते. सकाळी सरळ जाणारी डिस्क दुपारी उजवीकडे निसटली तर हातात काही बदललेले नसते. वारा पाठीमागून असेल तर टर्न घटते.

झाडांमुळे निवड आणखी स्पष्ट होते. कुळागरात (सुपारीच्या बागेत) पोफळी सरळ उभ्या. लागवडीचे शिफारशीचे अंतर सुमारे २.७ मीटर. अशा बोळातून पहिल्या मीटरपासून वळणारा अ‍ॅनहायझर दुसऱ्या-तिसऱ्या खोडालाच आपटणार. तिथे सरळ जाऊन बोळ संपल्यावर वळणारी टर्न कामाची. किंवा टर्नवाली डिस्क थोड्या हायझरवर जोरात सोडावी. ती हवेत कल सोडून सपाट होते आणि सरळ जाते. काजूची बात वेगळी. झाडे दूर, पण फांद्या खाली पसरलेल्या, छत बुटके. अ‍ॅनहायझरला लांब जायला उंची लागते आणि ती इथे नाही, म्हणून कमी स्पीडची डिस्क, छोटा कल, फांदीखालून. (बाग कोणाची तरी असते. भाटकाराला विचारूनच जा, आणि मार्च ते मे काजू वेचणारी माणसे झाडाखाली असताना जाऊच नका.)

उतरण्याचा कोनही दोन्हींत वेगळा. डिस्कचा कल जमिनीच्या उताराशी जुळला तर ती पोटावर बसते. उजवीकडे उतार असेल तर हलका अ‍ॅनहायझर बरा बसतो, पण तिथेच डावीकडे पडणारा फेड कडेवर आपटून डिस्क चाकासारखी खाली पळवतो. उतारापेक्षा जास्त कललेला अ‍ॅनहायझरही कडेवरच पडतो. पळालेली डिस्क तीन मिनिटांत सापडली नाही तर नियमानुसार हरवली. तांबड्या जांभ्यावर आणि वाळक्या काजूच्या पानांत लाल-केशरी डिस्क दिसतच नाही. निळी किंवा गुलाबी घ्या.

जांभा कडा खातो, विशेषतः साध्या प्लास्टिकच्या. कड जितकी झिजते तितकी डिस्क जास्त टर्न होते, म्हणून वर्षभर घासलेल्या डिस्कवरचा −१ आता −१ राहिलेला नसतो. उतारासाठी नवी आणि चढासाठी तीच जुनी, अशी एकाच साच्याची जोडी पिशवीत ठेवावी. कडेवर उचकटलेले तंतू बारीक सँडपेपरने हलकेच काढता येतात, तेवढे नियमात बसते. मात्र घासून कडेचा आकार बदलू नका.