फाल्शन की मेसर? पात्याआधी मूठ पाहावी

मध्ययुगीन युरोपातील चित्रांत सरळ, दुधारी तलवारींच्या गर्दीत मधूनच एखादे एकधारी, टोकाकडे रुंदावत जाणारे आणि आपल्याला कोयत्याची आठवण करून देणारे पाते दिसते. ते फाल्शन की मेसर (ही दोन वेगळ्या एकधारी शस्त्रांची नावे), हा घोळ पात्याकडे कितीही निरखून पाहिले तरी सुटत नाही. दोन्ही शस्त्रांना धार एकाच बाजूला असते, दोन्ही सरळ किंवा किंचित वक्र असू शकतात, शिवाय चित्रकार पात्याचा आकार हौसेने फुगवतात. खरा फरक मुठीत आहे.

फाल्शनची मूठ तलवारीची असते. पात्याचे निमुळते शेपूट पोकळ लाकडी मुठीतून आरपार जाते आणि टोकाला बसवलेल्या धातूच्या गोळ्यावर ठोकून पक्के केले जाते. इंग्लंडमधील डरहम कॅथीड्रलचे कॉनयर्स फाल्शन हा याचा उत्तम नमुना आहे. साधारण 1260 ते 1270 या काळातील हे शस्त्र सुमारे 89 सेंटिमीटर लांब असून त्याच्या मुठीच्या चपट्या गोळ्यावर एका बाजूला तीन सिंह आणि दुसऱ्या बाजूला गरुड कोरलेला आहे. डरहमचा नवा बिशप आपल्या प्रांतात प्रथम पाऊल ठेवताना क्रॉफ्टच्या पुलावर हेच फाल्शन त्याला सादर करण्याची प्रथा होती. खाटकाच्या सुऱ्यासारखे दिसणारे हे हत्यार केवळ गावठी नव्हते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

मेसर या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी ‘सुरी’ असा आहे आणि त्याची मूठही सुरीचीच असते. पात्याचे लोखंड सपाट पट्टीच्या रूपात मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि दोन्ही अंगांनी लाकडाच्या फळ्या लावून ती रिव्हेटांनी जखडली जाते. स्वयंपाकघरातल्या जाड सुरीच्या दांड्यावर पितळी ठिपके दिसतात, तीच ही रचना. मुठीच्या टोकाला सहसा गोळा नसतो; ते टोक धारेच्या बाजूला किंचित वळलेले असते. मूठ आणि पाते यांच्यामधल्या आडव्या दांडीतून, म्हणजे परजेतून, एक लोखंडी खुंटी बाजूला बाहेर येते आणि धरणाऱ्याच्या हाताच्या पाठीचे रक्षण करते. जर्मन भाषेत तिला ‘नागेल’, म्हणजे खिळा, म्हणतात. ही खुंटी दिसली की शंका जवळजवळ मिटते, मात्र ती एकाच अंगाला असल्यामुळे चित्रात शस्त्राची आतली बाजू आपल्याकडे असेल तर ती नसल्याचा भास होतो. 15व्या शतकात जर्मन प्रदेशात मेसरचा इतका प्रसार झाला की योहानेस लेक्युख्नर या धर्मगुरूने केवळ त्याच्याच डावपेचांवर 1482 मध्ये सचित्र ग्रंथ पूर्ण केला.

पॅरिसमध्ये 1240 च्या दशकात चितारलेल्या आणि आज मुख्यतः न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेल्या बायबलच्या चित्रांतील एक हत्यार मात्र दोन्ही चौकटींबाहेर राहते. त्याची मूठ दोन हातांनी धरण्याइतकी लांब आहे आणि पाते अवजड सुऱ्यासारखे आहे. सोयीसाठी त्याला फाल्शन म्हणतात, पण मला ते नाव ओढूनताणून लावलेले वाटते.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो येशूच्या अटकेच्या चित्रांत, जिथे येशूचा शिष्य पेत्र महायाजकाचा दास मल्ख याचा कान कापतो आणि पेत्राच्या हाती अनेकदा असेच एकधारी पाते असते. त्याच्या मुठीतून गोळा डोकावत असेल तर फाल्शन. रिव्हेट किंवा खुंटी दिसत असेल तर मेसर. मूठ बोटांनी पूर्ण झाकलेली असेल, तर चित्राचा काळ आणि प्रदेश यांवरच भिस्त ठेवावी लागते: 13व्या शतकातील फ्रेंच किंवा इंग्रज हस्तलिखित असेल तर फाल्शन, आणि 1480 च्या सुमाराचे न्यूरेंबर्गमधील चित्र असेल तर बहुधा मेसर.